पाचवा डाउन: कोलंबियातली शेवटची ३१ सेकंदे आणि एका चुकलेल्या आकड्याचे परिणाम

६ ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी, मिसूरी विद्यापीठाच्या फॉरो फील्ड मैदानावर, मिसूरी आणि कॉलोराडो या दोन विद्यापीठांच्या संघांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. कॉलोराडोने तो ३३-३१ असा जिंकला, अशी नोंद आजही कायम आहे. ज्या खेळीवर हा विजय मिळाला ती खेळी मात्र नियमानुसार व्हायलाच नको होती. आक्रमण करणाऱ्या संघाला चार संधी मिळतात. कॉलोराडोला त्या दिवशी पाच मिळाल्या. मैदानावरच्या सात पंचांपैकी एकाच्याही हे वेळेत लक्षात आले नाही, किंवा आले असल्यास त्याने खेळ थांबवला नाही. तीन महिन्यांनी याच कॉलोराडो संघाला देशातल्या दोन प्रमुख क्रमवारींपैकी एकीत राष्ट्रीय विजेतेपद मिळाले.

पंचांच्या चुकीमुळे सामना हातचा गेला, अशी तक्रार प्रत्येक खेळात होते आणि बहुतेक वेळा ती पराभूत संघाच्या चाहत्यांची समजूत असते. कोलंबियाचे प्रकरण वेगळे ठरते, कारण इथे चूक झाली की नाही याबद्दल मतभेदच नाही. चूक मान्य आहे, चित्रफीत उपलब्ध आहे, आणि त्या चुकीनंतर काय घडले हेही सेकंदासेकंदाने नोंदलेले आहे. त्यामुळे एखादा चुकीचा निर्णय निकालावर नेमका कोणत्या मार्गाने परिणाम करतो, हा प्रश्न या प्रकरणावर जितक्या काटेकोरपणे तपासता येतो तितका फार थोड्या सामन्यांवर तपासता येतो.

संघ, मैदान आणि नियम

दोन्ही संघ ‘बिग एट’ या परिषदेचे सदस्य होते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये विद्यापीठांच्या अशा परिषदा असतात; त्या आपापले वेळापत्रक ठरवतात आणि पंचांची नेमणूकही त्याच करतात. कॉलोराडो त्या आठवड्यात देशात बाराव्या क्रमांकावर होता. त्याचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी हे स्वतः मिसूरीचे माजी विद्यार्थी आणि तिथले माजी खेळाडू. मिसूरीचा संघ बॉब स्टल यांच्या हाताखाली होता आणि तो मोसम त्याला फारसा चांगला गेला नाही. अखेरीस चार विजय आणि सात पराभव अशी त्याची कामगिरी राहिली. कॉलोराडोचा नेहमीचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू) डेरियन हेगन जखमी असल्यामुळे त्या दिवशी चार्ल्स जॉन्सन हा राखीव क्वार्टरबॅक खेळत होता.

मैदानाचाही उल्लेख करायला हवा, कारण पुढच्या वादात त्याला जागा आहे. फॉरो फील्डवर तेव्हा ‘ऑम्निटर्फ’ नावाचे कृत्रिम गवत होते. त्यावर कॉलोराडोचे खेळाडू दिवसभर घसरत होते, आणि हे मैदान खेळण्याच्या लायकीचे नव्हते अशी मॅकार्टनी यांची ठाम तक्रार होती.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकासाठी एवढे पुरेसे आहे की चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. अशा प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. चार डाउनमध्ये १० यार्ड पार झाले, की गणना पुन्हा एकपासून सुरू होते. न झाल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. गोलरेषा १० यार्डांहून जवळ असेल, तर त्या चार प्रयत्नांत टचडाउनच (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण; त्यानंतर जादा गुणासाठी आणखी एक खेळी मिळते) करावा लागतो. कितवा डाउन चालू आहे हे मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस एका काठीवरच्या फलकाने दाखवतो आणि दर खेळीनंतर त्यावरचा आकडा पलटतो. घड्याळ थांबवायचे असेल आणि टाइमआउट, म्हणजे संघाला मागून घेता येणारा ठरावीक विराम, शिल्लक नसेल, तर क्वार्टरबॅक चेंडू हाती येताच तो सरळ जमिनीवर आपटतो. याला स्पाइक म्हणतात. घड्याळ थांबते, परंतु एक डाउन खर्ची पडतो. या प्रकरणाचा सगळा तिढा या एका डाउनच्या खर्चात आहे.

ती ३१ सेकंदे

सामना संपत आला तेव्हा मिसूरी ३१-२७ असा पुढे होता. चार गुणांचे अंतर असल्यामुळे तीन गुणांची किक कॉलोराडोच्या उपयोगाची नव्हती. त्यांना टचडाउनच हवा होता. जॉन्सनने जॉन बोमनकडे पास दिला. बोमनसमोर गोलरेषेपर्यंत वाट मोकळी होती, पण तो तीन यार्डांवर घसरून पडला. घड्याळात ३१ सेकंद उरले होते. पहिला डाउन, गोलरेषा तीन यार्ड दूर.

जॉन्सनने घाईने संघ रांगेत उभा केला आणि चेंडू जमिनीवर आपटला. पहिला डाउन संपला. २८ सेकंद उरले. दुसऱ्या डाउनवर एरिक बिएनिमी चेंडू घेऊन मधोमध घुसला आणि एक यार्ड अलीकडे अडवला गेला. कॉलोराडोने आपला शेवटचा टाइमआउट घेतला. घड्याळ १८ सेकंदांवर थांबले.

या टाइमआउटमध्ये काठीवरचा आकडा दोनवरून तीनवर पलटायला हवा होता. तो पलटला गेला नाही. विश्रांती संपून संघ पुन्हा समोरासमोर उभे राहिले तेव्हा फलकावर ‘२’ तसाच होता, आणि मुख्य पंच जे. सी. लाउडरबॅक व त्यांचे सहकारी त्याच आकड्यावर पुढे गेले.

तिसऱ्या डाउनवर, म्हणजे फलकाच्या हिशेबाने दुसऱ्यावर, बिएनिमीने पुन्हा धाव घेतली आणि मिसूरीच्या बचावफळीने त्याला पुन्हा रोखले. खेळाडूंचा ढीग पडला होता आणि घड्याळ चालू होते. ढीग उपसायला वेळ लागतो आहे, असे दिसल्यावर पंचांनी ८ सेकंद उरले असताना घड्याळ थांबवले. ते पुन्हा सुरू होताच जॉन्सनने चेंडू हाती घेऊन जमिनीवर आपटला. २ सेकंद उरले. हा चौथा डाउन होता. नियमाने इथे कॉलोराडोचा ताबा संपला. चेंडू मिसूरीचा, आणि उरलेली दोन सेकंदे काढायला मिसूरीच्या क्वार्टरबॅकने गुडघा टेकला असता तरी पुरले असते.

फलकावर मात्र आता ‘४’ आला. जॉन्सन स्वतः चेंडू घेऊन उजवीकडे गेला, गर्दीत शिरला आणि रेषेजवळ पाठीवर कोसळला. पंचांनी टचडाउन दिला. चेंडूने खरोखर रेषा ओलांडली होती की नाही, याबद्दलही वाद आहे, आणि मिसूरीचे अनेक लोक आजही ती ओलांडली नव्हती असेच म्हणतात. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय, म्हणजे रिप्ले, तेव्हा नव्हती, त्यामुळे तो प्रश्न तिथेच राहिला.

घड्याळ शून्यावर होते. प्रेक्षक मैदानात उतरले. पंच जवळपास वीस मिनिटे एकत्र उभे राहून चर्चा करत होते, आणि शेवटी त्यांनी निकाल कायम ठेवला. टचडाउननंतरची जादा गुणाची खेळी अजून बाकी होती. कॉलोराडो ३३-३१ असा पुढे असल्यामुळे त्यांना त्या गुणाची गरज नव्हती. उलट किक अडवून प्रतिस्पर्ध्याने चेंडू दुसऱ्या टोकापर्यंत नेला असता, तर नियमाप्रमाणे मिसूरीला दोन गुण मिळून बरोबरी झाली असती. म्हणून जॉन्सनने चेंडू घेतला आणि गुडघा टेकला. डाउन मोजायला चुकलेल्या सामन्याची शेवटची खेळी इतक्या काटेकोर हिशेबाने खेळली गेली, ही गोष्ट मला या प्रकरणात फार बोलकी वाटते. नियम दोन्ही बाजूंना माहीत होते. बिनसला होता तो फक्त सगळ्यांनी प्रमाण मानलेला एक आकडा.

परिषदेचा निर्णय

बिग एट परिषदेचे आयुक्त कार्ल जेम्स यांनी चूक झाल्याचे मान्य केले आणि पंचांच्या संपूर्ण चमूला अनिश्चित काळासाठी निलंबित केले. निकाल मात्र बदलला नाही. पाचवा डाउन देणे ही सामना संपल्यानंतर दुरुस्त करण्याजोगी चूक नाही, अशी परिषदेची भूमिका होती. महाविद्यालयीन फुटबॉलच्या नियमपुस्तकात तिला आधार होता: मुख्य पंचांनी सामना संपल्याचे जाहीर केले की धावफलक अंतिम. त्यावर अपील करण्याची सोय नाही.

या निर्णयाला पळवाट म्हणणे सोपे आहे, आणि मिसूरीत तसे म्हटलेही गेले. मला तो निर्णय नियमाच्या दृष्टीने बरोबर वाटतो, मात्र त्याचे खरे समर्थन ‘पंचांचा शब्द अखेरचा’ या तत्त्वापेक्षा निराळ्या जागी आहे. ते पुढे येईल. त्याआधी चूक कोणत्या जातीची होती हे पाहणे आवश्यक आहे.

मोजणीची चूक आणि अंदाजाची चूक

जॉन्सनने रेषा ओलांडली की नाही, हा अंदाजाचा निर्णय आहे. पंच जिथे उभा असेल तिथून त्याला जे दिसले त्यावर तो निर्णय देतो, आणि दोन प्रामाणिक माणसे एकाच खेळीबद्दल वेगळे मत देऊ शकतात. कितवा डाउन चालू आहे, हा मात्र मताचा प्रश्न नाही. एकावर दोन, दोनावर तीन. यात दृष्टिकोनाला वावच नाही, म्हणूनच ती चूक लोकांना अधिक लागते.

सात माणसांची चूक एकाच वेळी कशी होते, याचा विचार फार कमी लोक करतात. डाउनची गणना फक्त काठीवाल्यावर सोडलेली नसते. पंच मनगटाला बांधलेल्या पट्ट्याचा लवचिक फास बोटात अडकवतात आणि दर डाउनला तो पुढच्या बोटावर सरकवतात: पहिल्या डाउनला तर्जनी, दुसऱ्याला मधले बोट, असे. म्हणजे कागदावर ही व्यवस्था अनेकपदरी आहे. एका पंचाचा हिशेब चुकला, तर दुसऱ्याच्या बोटावरचा फास खरे सांगेल, असा तिचा हेतू. पण ही सुरक्षा तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा प्रत्येकजण स्वतःचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवतो आणि तो इतरांशी जुळत नसेल तर खेळ थांबवतो. गर्दीच्या गोंगाटात, १८ सेकंद उरलेले असताना, स्वतःच्या बोटावरच्या फासावर विश्वास ठेवायचा की समोरच्या मोठ्या आकड्यावर, असा पेच पडला की माणूस बहुधा मोठ्या आकड्याकडे झुकतो. स्वतंत्र असायला हवेत असे सात हिशेब मग एकाच फलकाच्या प्रती होऊन बसतात. टाइमआउट ही खरे तर आकडा पडताळून पाहण्याची सर्वात सोयीची वेळ. पण तीच वेळ खेळाची लय तुटण्याचीही असते, आणि क्रमाने मोजणाऱ्या माणसाचा क्रम नेमका अशा खंडातच सुटतो.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. षटकातले वैध चेंडू मोजण्यात पंचाची चूक झाली आणि सहाऐवजी सात चेंडू टाकले गेले, तर क्रिकेटचा कायदा काय सांगतो? पंचाने मोजलेले षटक तसेच ग्राह्य धरावे, असे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. सातव्या चेंडूवर गडी बाद झाला तर तो बाद, आणि षटकार गेला तर सहा धावा. दोन वेगळ्या खेळांच्या नियमकर्त्यांनी एकाच प्रश्नाला दिलेले हे उत्तर काही योगायोगाने सारखे आलेले नाही. चुकीच्या मोजणीच्या आधारे एकदा खेळ पुढे गेला, की तो मागे नेऊन नीट लावता येत नाही, हा अनुभव दोन्हीकडे आहे.

खरोखर काय बदलले?

लोकांच्या तोंडी असलेले गणित असे: चौथ्या डाउननंतर चेंडू मिसूरीला मिळायला हवा होता, तेव्हा ३१-२७ असे गुण होते आणि २ सेकंद उरले होते, म्हणजे मिसूरी जिंकला असता. प्रत्येक पायरी खरी आहे, तरी निष्कर्ष पुरा टिकत नाही.

कारण कॉलोराडोने चौथा डाउन चेंडू जमिनीवर आपटून खर्च केला, तो फलकावर ‘३’ दिसत होता म्हणून. चौथा डाउन आहे हे माहीत असताना स्पाइक म्हणजे चेंडू आपल्या हाताने प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकणे. कोणताही क्वार्टरबॅक ते करणार नाही. फलक बरोबर असता, तर ८ सेकंद उरलेले असताना कॉलोराडोने तिथे काहीतरी खरी खेळी केली असती: धाव, पास किंवा जॉन्सनने स्वतः केलेला प्रयत्न. ती यशस्वी झाली असती की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

चुकीचा परिणाम त्याच्याही एक पाऊल मागे जातो. १८ सेकंद उरलेले, टाइमआउट संपलेले, आणि खरा डाउन तिसरा. अशा वेळी मधोमध धाव घेणे धोक्याचे असते. खेळाडू अडवला गेला तर घड्याळ चालूच राहते आणि पुढचा प्रयत्न एकच उरतो. बरेच प्रशिक्षक तिथे पास निवडतील, कारण पास कोणी झेलला नाही तर घड्याळ आपोआप थांबते. पण फलकावर ‘२’ असेल तर हिशेब पालटतो. एक धाव, मग स्पाइक, मग शेवटची धाव, अशी तीन पायऱ्यांची योजना आखता येते, आणि कॉलोराडोने प्रत्यक्षात नेमके तेच केले. म्हणजे चुकीच्या आकड्याने कॉलोराडोला फक्त एक जादा खेळी दिली असे नाही. त्याआधीच्या दोन खेळी कोणत्या असाव्यात हेही त्यानेच ठरवले. मिसूरीची बचावफळीही तोच फलक पाहत होती. एका यार्डावर आता दोनच प्रयत्न अडवायचे आहेत की तीन, यावरून बचावाची मांडणी आणि जोखीम घेण्याची तयारी बदलते.

माझ्या मते या प्रकरणातून हाती लागणारी सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पंचांच्या चुकीचे मोल आपण सहसा गुणांत किंवा यार्डांत मोजतो: अमुक टचडाउन नाकारला, म्हणजे सात गुण गेले. डाउन, घड्याळ आणि टाइमआउट यांच्याबाबतीत झालेली चूक तशी एका जागी थांबत नाही. दोन्ही संघ ज्या माहितीवर पुढचा निर्णय घेतात ती माहितीच ती बिघडवते, आणि मग त्यानंतरची प्रत्येक खेळी, बरोबर दिलेल्या निर्णयांसकट, त्या बिघडलेल्या माहितीवर उभी राहते. असा सामना नंतर ‘दुरुस्त’ करायचा म्हटले, तर कोणत्या क्षणापासून करायचा? पाचवा डाउन पुसून टाकला, तर कॉलोराडोला त्यांनी जाणूनबुजून न घेतलेल्या निर्णयाची शिक्षा होते. टाइमआउटपर्यंत मागे गेले, तर मिसूरीने खरोखर अडवलेली बिएनिमीची धाव पुसली जाते. कोणताही क्षण निवडला तरी एका संघावर अन्याय होतोच. परिषदेच्या निर्णयाचे खरे समर्थन मला इथे दिसते.

याचा अर्थ मिसूरीवर अन्याय झाला नाही, असा मुळीच नाही. खात्रीचा विजय मिसूरीच्या हातून हिरावला गेला असे सिद्ध करता येत नसले, तरी गोलरेषेवर चार प्रयत्नांना तोंड देण्याची जबाबदारी असलेल्या संघाला पाच प्रयत्नांना तोंड द्यावे लागले, आणि पहिल्या चारांत त्यांनी रेषा राखली होती. मागे सरकलेल्या, दमलेल्या बचावफळीने एका यार्डावर पाय रोवून जे मिळवले होते, ते एका न पलटलेल्या फलकामुळे मोजलेच गेले नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचा दुसरा पाचवा डाउन

या प्रकरणाची तुलना नेहमी १९४० च्या एका सामन्याशी होते. १६ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर गावी डार्टमाउथ आणि कॉर्नेल खेळत होते. कॉर्नेल बराच काळ अपराजित होता. डार्टमाउथ ३-० असा पुढे होता. शेवटच्या सेकंदांत कॉर्नेलचा चौथ्या डाउनवरचा पास एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, वाया गेला. चेंडू डार्टमाउथकडे जायला हवा होता, पण मुख्य पंच रेड फ्रीझेल यांनी तो पुन्हा कॉर्नेललाच दिला. त्या जादा खेळीवर वॉल्टर शॉलचा पास बिल मर्फीने झेलला आणि कॉर्नेल ७-३ असा जिंकला. पुढच्या एक-दोन दिवसांत सामन्याची चित्रफीत तपासली गेली, फ्रीझेल यांनी आपली चूक मान्य केली, आणि कॉर्नेलने डार्टमाउथला तार पाठवून विजयावरचा हक्क सोडला. डार्टमाउथने तो स्वीकारला. नोंदीत आज तो सामना डार्टमाउथ ३, कॉर्नेल ० असा आहे.

कॉर्नेलच्या या वागण्याचे कौतुक करावे तितके थोडेच. विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड डे, क्रीडा संचालक जेम्स लाइना आणि प्रशिक्षक कार्ल स्नेव्हली यांनी मिळून घेतलेला तो निर्णय सक्तीचा नव्हता. मात्र तो दाखला जसाच्या तसा कॉलोराडोला लावताना एक फरक सुटतो. हॅनोव्हरला चूक चौथा डाउन संपल्यावर झाली. चार खेळी खेळून झाल्या होत्या. फक्त पाचवी पुसायची होती, आणि ती पुसली की सामना कसा संपला असता याबद्दल शंका उरत नव्हती. कोलंबियात चूक मोजणीच्या मध्यावर शिरली आणि पुढच्या खेळींमध्ये मुरली. कॉर्नेलला जे स्वच्छपणे परत करता आले, ते कॉलोराडोला तितक्या स्वच्छपणे परत करता आले नसते.

तरीही परत करता आले असते, हे मी ठामपणे म्हणेन. नियम निकाल बदलू देत नव्हता, पण विजेत्याला विजय सोडण्यापासून अडवतही नव्हता. मॅकार्टनी यांनी विजय सोडण्यास नकार दिला आणि कारण म्हणून मैदानाच्या घसरड्या पृष्ठभागाकडे बोट दाखवले. हा युक्तिवाद पटत नाही. मैदान दोन्ही संघांना तेच होते, आणि पाय घसरल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई जादा डाउनने होत नाही. बोमन घसरला नसता तर ही वेळच आली नसती, हे खरे. पण घसरणे हा खेळाचा भाग आहे आणि पाचवा डाउन खेळाचा भाग नाही. पुढे १९९८ मध्ये मॅकार्टनी यांनी त्या निकालाबद्दल मिसूरीत जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याच जुन्या विद्यापीठाच्या लोकांसमोर ते बोलले, याला काही मोल नक्कीच आहे.

मोसमावर पडलेली सावली

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या सामन्याचा राष्ट्रीय विजेतेपदाशी संबंध असेल असे फारसे कोणाला वाटले नसावे. कॉलोराडोने तोवर टेनेसीशी ३१-३१ अशी बरोबरी केली होती आणि इलिनॉयकडून २३-२२ असा पराभव पत्करला होता. पण त्यानंतर ते एकही सामना हरले नाहीत. बिग एटमधले सातही सामने त्यांनी जिंकले आणि १ जानेवारी १९९१ रोजी ऑरेंज बोलमध्ये (मोसमाअखेर निवडक संघांत होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांपैकी एक) नोत्र दामला १०-९ असे हरवले. त्या सामन्याच्या अखेरीस नोत्र दामच्या रॉकेट इस्माईलने पंट (ताबा सोडताना पायाने लांब मारलेला चेंडू) झेलून ९० यार्डांहून लांब धाव घेत टचडाउन केला होता; पंचांनी त्याच्या सहकाऱ्याने मागून अडवल्याचा दंड देऊन तो रद्द केला. त्या दंडावरही वाद झाला, पण तो निव्वळ अंदाजाचा निर्णय होता. हेगन जखमी झाल्यामुळे त्याही रात्री चार्ल्स जॉन्सनच मैदानात उतरला, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तेव्हा विजेता ठरवण्यासाठी अंतिम सामना नसे. मतदानाने क्रमवारी ठरे. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांच्या मतदानात ११ विजय, एक पराभव आणि एक बरोबरी अशा कामगिरीचा कॉलोराडो पहिला आला. प्रशिक्षकांच्या मतदानात एकही सामना न हरलेला जॉर्जिया टेक पहिला आला, आणि तोही अवघ्या एका गुणाच्या फरकाने. हे विभाजन पाहताना कोलंबियाचा विचार टाळता येत नाही. पाचव्या डाउनवर कॉलोराडो हरला असता तरी बिग एटचे विजेतेपद त्यालाच मिळाले असते, कारण त्याच्यामागे असलेले नेब्रास्का आणि ओक्लाहोमा परिषदेत प्रत्येकी दोन सामने हरले होते. पण दोन पराभव आणि एक बरोबरी असलेल्या संघाला अपराजित जॉर्जिया टेकच्या वर ठेवणारे पत्रकार मिळाले असते, असे मला वाटत नाही. एका आकड्याची चूक अशा रीतीने सामन्याबाहेर पडली आणि तिसऱ्याच संघाच्या वाट्याच्या मानात भागीदार बसवून गेली. जॉर्जिया टेकला तर त्या दुपारी कोलंबियात बाजू मांडण्याचीही जागा नव्हती.

रिप्ले आल्यानंतर

बिग टेन परिषदेने २००४ मध्ये चित्रफितीवरून पुनरावलोकनाचा प्रयोग सुरू केला आणि दोन वर्षांत ही पद्धत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सर्वत्र रुळली. आज डाउनचा चुकलेला आकडाही रिप्ले पंचाला दुरुस्त करता येतो, त्यामुळे कोलंबियासारखी चूक शेवटपर्यंत टिकणे अवघड आहे. पण नुसते यंत्र असून भागत नाही. १६ सप्टेंबर २००६ रोजी यूजीन येथे ओरेगनने ओक्लाहोमाला ३४-३३ असे हरवले, ते एका ऑनसाइड किकच्या (चेंडू स्वतःच परत मिळवण्यासाठी मारलेली आखूड किक) चुकीच्या निर्णयामुळे. चेंडू १० यार्ड जाण्याआधीच ओरेगनच्या खेळाडूने त्याला स्पर्श केला होता, आणि रिप्ले पाहूनही निर्णय तसाच राहिला. पॅक-१० परिषदेने माफी मागितली, पंचांना एका सामन्यासाठी निलंबित केले. रिप्ले पंचांना धमक्यांचे फोन आले, हा त्या प्रकरणाचा सर्वात लाजिरवाणा भाग. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सामना नोंदीतूनच वगळण्याची मागणी केली; ती मान्य झाली नाही.

कोलंबियाशी अधिक जवळचे उदाहरण १० सप्टेंबर २०१६ चे आहे. स्टिलवॉटर येथे ओक्लाहोमा स्टेट सेंट्रल मिशिगनविरुद्ध २७-२४ असा पुढे होता. शेवटच्या खेळीवर, चौथ्या डाउनला, क्वार्टरबॅक मेसन रुडॉल्फने वेळ संपवण्यासाठी चेंडू लांब फेकून दिला. घड्याळ शून्यावर आले. पंचांनी जाणूनबुजून चेंडू फेकून दिल्याचा दंड दिला आणि त्यामुळे सेंट्रल मिशिगनला घड्याळाबाहेरची एक खेळी बहाल केली. नियमात मात्र असे आहे की ज्या दंडात डाउन गमावला जातो, त्या दंडासाठी खेळाची वेळ वाढवली जात नाही. सामना तिथेच संपला होता. त्या जादा खेळीवर कूपर रशने लांब पास दिला, जेसी क्रोलने तो झेलून पडता पडता कोरी विलिसकडे सोपवला, आणि विलिस गोलरेषेपार गेला. सेंट्रल मिशिगन ३०, ओक्लाहोमा स्टेट २७.

इथे पंचांची मोजणी किंवा नजर चुकली नव्हती. नियमाचे एक वाक्य त्या क्षणी आठवले नव्हते. आणि इथे कोलंबियातला तिढाही नव्हता. दोन्ही संघांचे सर्व निर्णय घेऊन झाले होते, घड्याळ संपले होते, पुसायची होती ती केवळ एक बेकायदा खेळी. १९४० च्या हॅनोव्हरइतकेच स्वच्छ प्रकरण. तरी नियमपुस्तकातले तेच वाक्य लागू झाले: पंचांनी सामना संपल्याचे जाहीर केले, धावफलक अंतिम. मैदानावरचे पंच आणि रिप्ले कक्षातले पंच दोन आठवड्यांसाठी निलंबित झाले. कोलंबियातल्या गुंतागुंतीमुळे मला जो नियम समर्थनीय वाटतो, तो स्टिलवॉटरला मात्र थिटा पडला, असे माझे मत आहे. घड्याळ शून्यावर आल्यानंतर दिलेली खेळी आणि सामन्याच्या मध्ये शिरलेली चूक यांत फरक करणारी एक ओळ नियमपुस्तकात घालणे अशक्य नाही. पहिल्या प्रकारात काय पुसायचे याबद्दल शंका नसते, आणि अशा प्रकरणांपुरता तरी परिषदेला निकाल दुरुस्त करण्याचा अधिकार द्यायला हरकत नसावी. सेंट्रल मिशिगनने तो मोसम नियमित सामन्यांत सहा विजय आणि सहा पराभवांवर संपवला. बोल सामन्यासाठी सहसा सहा विजय लागतात, आणि त्या सहांतला एक स्टिलवॉटरचा होता.